८×४२ दुर्बीण: सेरेंगेटीच्या आधी भिगवण आणि सुपे

फेब्रुवारीत आम्ही दोघं टांझानियाला निघालोय. सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या माळावर त्या दिवसांत विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या प्राण्यांची पिल्लं जन्मतात. तेवढ्यासाठीच तर चाललोय. पिवळ्या तापाची लस टोचून झाली (प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, लांबणीवर टाकू नका). राहिली होती दुर्बीण. दुकानात उभं राहून समोरच्या पाट्या वाचल्या की सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. म्हणून साडेअकरा हजारांची ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटर रुंद) घेतली आणि दोन रविवार तिला घेऊन हिंडलो.

पहिला रविवार भिगवणचा. कुंभारगावात उजाडताना होडीत बसलो. यांच्या हातात भाच्याची १०×४२ होती. कुणी जरा सरकून बसलं तरी होडी डुलायची, आणि त्यांच्या दुर्बिणीत रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा थरथरायचा. माझ्या ८ पटीत तो जागेवर होता. सफारीच्या जीपमध्येही तसंच होणार, शेजारचा माणूस वळला की गाडी हलणारच. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाश डोळ्यात उतरतो; १० पटीत ४.२ च. धुकं असेतो हा फरक मला स्पष्ट दिसला. ऊन चढल्यावर दोन्ही सारख्याच.

"काकू, डाव्या हाताला बघा, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या," नावाडी हळूच म्हणाला. पट्टकदंब हंस! पांढऱ्या डोक्यावर त्या दोन रेघा, चोचीच्या टोकाला काळा ठिपका, आणि चिखलातून उपटलेल्या गवताची काडी चोचीतून लोंबत होती. हिमालय ओलांडून आलेला पक्षी इतका जवळ बघून मला भरून आलं.

दुसऱ्या रविवारी सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण गवताळ माळावर जनावर शोधायची सवय करायला याहून चांगली जागा पुण्याजवळ मला माहीत नाही. नुसत्या डोळ्यांना सगळं गवतच. दुर्बीण सावकाश डावीकडून उजवीकडे नेली तेव्हा कान हलले, मग चिंकारा नराच्या शिंगांवरची वलयं दिसली. सेरेंगेटीतलं थॉमसन गॅझेल हे छोटं हरीणही याच्याच कुळातलं.

चष्मा असणाऱ्यांनी घेण्याआधी एक गोष्ट तपासा: डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली फिरवल्यावर चष्म्यासकट अख्खं वर्तुळ दिसायला हवं. माझ्यात दिसतं. उजव्या भिंगाकडची बारीक चकती एकदा आपल्या नजरेला जुळवून घ्या, नाहीतर तासाभरात डोकं दुखतं.

तक्रार आहे ती झाकणांची. पुढची झाकणं इतकी ढिली की एक भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यातच गेलं. सुटं झाकण मिळत नाही, असं दुकानदाराने सरळ सांगितलं. एवढे पैसे घेऊन हे बरं नव्हे. सोबतचा गळ्यातला पट्टाही मानेला काचतो, तो काढून मी दोन्ही खांद्यांवरून जाणारा लावला.

भिंगांवर धूळ बसू नये म्हणून यांच्या जुन्या सुती धोतराची दुहेरी पिशवी शिवली आहे. प्लास्टिकच्या पिशव्या टांझानियात २०१९ पासून बंदच आहेत, त्यामुळे हीच पिशवी तिकडेही येणार.