केबल ल्युबर: एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

घरच्या स्प्लेंडरसाठी पावसाळ्याच्या तोंडावर केबल ल्युबर, म्हणजे क्लच-ब्रेकच्या केबलीत तेल सोडायचा चिमटा, मागवला होता. आता थंडी पडलीय, तेव्हा लिहायला हरकत नाही. वस्तू साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमचा छोटा चिमटा, आत खाच पाडलेलं रबर, आवळायला स्क्रू आणि स्प्रेची नळी घुसवायला भोक. केबलचं लिव्हरकडचं टोक सोडवायचं, त्यावर चिमटा आवळायचा आणि थांबून थांबून स्प्रे मारायचा. खालच्या टोकातून आधी कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी येतं. स्वच्छ तेल यायला लागलं की थांबायचं.

क्लचला फरक लगेच कळला. आमच्याकडे रत्नागिरीत खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, त्यामुळे क्लच इतका जड होतो की भाट्याच्या पुलावर ट्रॅफिक लागलं की मनगट भरून येतं. आता दोन बोटांनी दाबला जातो. पुढच्या ड्रम ब्रेकची केबलही मोकळी झाली, फक्त तिचं खालचं टोक फडक्यात धरा. ते तेल ड्रममध्ये गेलं तर ब्रेकच जायचा.

अ‍ॅक्सिलेटर केबलला मात्र हा चिमटा कटकटीचा. मुठीजवळचा डबा उघडावा लागतो आणि कार्बोरेटरकडचं टोकही सोडवावं लागतं, नाहीतर धुतलेली सगळी घाण थेट कार्बोरेटरमध्ये. एकदा केलं, पुन्हा हौस नाही.

रबर नीट बसलं नाही तर स्प्रे उलटा तोंडावर येतो, म्हणून वरून फडकं गुंडाळतो. स्प्रे कुठला? डब्ल्यूडी-४० घाण धुवायला बरा, पण पातळ असल्याने टिकत नाही. त्यामागून हलकं तेल सोडावं. चेन ल्यूब नको, चिकटपणामुळे धूळ धरतो. आतून अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस कोंबायची तर गरजच नाही.

खरं सांगायचं तर निम्मी गंमत चिमट्यात नाही, प्ले (केबल ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो ते अंतर) लावण्यात आहे. या गाडीला क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा प्ले हवा, ब्रेकला २० ते ३०, अ‍ॅक्सिलेटरला २ ते ६. प्लेच नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि प्लेटा जळतात. जास्त झाला तर लिव्हर दाबूनही गाडी पुढे रेटते, न्यूट्रल सापडत नाही. थोडाथोडका फरक लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरवर (केबल ताणायचा-सैल करायचा स्क्रू) काढा. तो बाहेर फार आला असेल तर पूर्ण आत घेऊन इंजिनाकडच्या नटांवर हिशेब जमवा. लॉकनट आवळल्यावर अ‍ॅडजस्टरची खाच आणि लिव्हरची खाच एका रेषेत राहू देऊ नका. केबल त्याच वाटेने निसटते.

मग गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. टाकीखालून ती आधी होती त्याच वळणाने जायला हवी. कितीही तेल सोडा, वळण चुकलं की जड ते जडच.

आणि निपलजवळची (केबलच्या टोकाच्या धातूच्या गोळ्याजवळची) तार उन्हात नीट बघा. एखादी बारीक तार जरी उसवलेली दिसली तरी चिमटा पेटीत ठेवा आणि नवी केबल आणा. तुटलेल्या तारेला तेलाचा उपयोग शून्य. तिथे डाग मारून (सोल्डर करून) निपल बसवणारे लोक आहेत, पण ब्रेकच्या केबलवर तो प्रयोग मी करणार नाही.

घेण्यासारखा आहे का? घरात दोन-तीन गाड्या असतील तर घ्या. एकच असेल तर जुनी युक्ती पुरते: केबल काढून उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, तिच्यात चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर सोडून द्या. खाली जुना पेपर अंथरा, म्हणजे सकाळी घरच्यांची बोलणी बसणार नाहीत.