लिस्टर टाइप की पीटर? हौसेचं पहिलं जुनं इंजिन घेताना

खंडेनवमीला शेडमधल्या जुन्या डिझेल इंजिनाला झेंडूची माळ घालून हॅन्डल मारलं, की बघायला आलेल्यांपैकी एखादा तरी बाजूला घेऊन विचारतोच, "मलाही एक घ्यायचंय, कुठलं घेऊ?" विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या तशी ही इंजिनं गोठ्यामागं नाहीतर बंद पडलेल्या गुऱ्हाळांत गेली. भंगाराच्या भावात मिळतात म्हणून लोक आधी उचलून आणतात आणि ठेवायचं कुठं, हा विचार नंतर करतात. माझंही तसंच झालं होतं.

आपल्या भागात हाताला लागणार ती मुख्यतः दोन. पहिलं लिस्टर टाइप: उभं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना मोठी चाकं. मूळ इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचं, 1930 च्या आसपासचं डिझाइन. साडेचार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास), साडेपाच इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव), मिनिटाला 650 फेऱ्यांना सहा हॉर्सपॉवर. अस्सल डर्सलीचं मिळणं दुर्मीळ. मिळतं ते बहुतेक राजकोटच्या कारखान्यांत त्याच नमुन्यावर बनलेलं, म्हणून 'टाइप'. दुसरं पीटर. मूळ नाव पेटर, तीही इंग्लंडचीच कंपनी, येओव्हिलची; पण गावात पीटरच म्हणायचं, नाहीतर मिस्त्रीला कळत नाही. एव्ही-वन नावाचं मॉडेल सगळ्यात जास्त दिसतं, किर्लोस्करांचंही याच मापाचं: 80 मिलिमीटर बोअर, 110 स्ट्रोक, 1500 फेऱ्यांना पाच हॉर्सपॉवर.

म्हणजे ताकद जवळजवळ सारखी. फरक आहे तो फेऱ्यांचा, आणि बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

दोन्ही फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांत एक ठोका. पीटर पूर्ण वेगात असलं की सेकंदाला बारा-तेरा ठोके पडतात. कानाला ती एक सलग घरघर वाटते. लिस्टर पूर्ण वेगातही पाच-साडेपाचच्या वर जात नाही, आणि गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग सैल करून तीनशेवर आणलं तर सेकंदाला अडीच. मग प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. दोन ठोक्यांच्या मधे पुशरॉडची टिकटिक, नोझलची चर्र आणि चाकाची हवा. म्हाताऱ्या माणसांची पावलं थांबतात ती यासाठी. पीटरजवळ कुणी थांबत नाही. "आमच्याकडं पण होतं" म्हणतात आणि पुढं जातात.

सुरू करायला पीटर हलकं असेल असं वाटतं. अनुभव उलटा आहे. लिस्टरचा वाल्व दांडीनं उचलून धरायचा, हॅन्डलनं चाकाला सावकाश गती द्यायची, आठ-दहा फेऱ्या झाल्या की दांडी सोडायची. पुढचं काम चाकाचं वजन करतं. पीटरचं चाक लहान, त्यामुळं हात झपाझप फिरवावा लागतो, आणि थंडीच्या सकाळी दम निघतो. दोन्हीकडं अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हॅन्डलला विळखा घालायचा नाही. उलटा झटका बसला तर हॅन्डल हातातून निसटलं पाहिजे.

जागा आणि वजन या बाबतीत लिस्टर त्रास देतं. तीनशे किलोच्या वर जातं. एकट्यानं हलवायची गोष्टच नाही. खाली पक्का पाया नाहीतर जाड लाकडी ओंडके हवेत, नाहीतर चालू असताना बेडकासारखं सरकतं. पीटर निम्म्याहून हलकं. दोघं जण बांबू घालून टेम्पोत चढवतात.

माझं पहिलं लिस्टर एका जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याकडून घेतलेलं, नवा हिरवा रंग मारलेलं. तिसऱ्या दिवशी टक्‌-टक्‌ सुरू झाली. मी म्हटलं बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं. पिस्टन काढला, बेअरिंग काढलं, सगळं ठीक. आमच्या मिस्त्रींनी नुसतं चाकाच्या तुंब्याजवळ बोट फिरवून दाखवलं: बोटाला तांबूस भुकटी. चाक शाफ्टवर ज्या पाचरीनं धरलेलं असतं ती सैल होती, आणि रंगाखाली खाचही रुंदावलेली. व्यापाऱ्यानं फोन उचलला नाही. तेव्हापासून रंगवलेलं इंजिन मी घेत नाही. गंजलेलं परवडलं, निदान काय झालंय ते दिसतं.

दुरुस्तीत पीटर सुखाचं. लायनर, रिंगा, नोझल तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि त्यात हात घातलेला फिटर दर चार गावांत सापडतो. लिस्टर टाइपचे पार्टही मिळतात, पण राजकोटच्या कारखान्याकारखान्यांत माप थोडं इकडंतिकडं, त्यामुळं जुना पार्ट सोबत नेल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

माझा एक मित्र कारमागं ओढायचा कॅम्पिंग ट्रेलर घरीच बनवतोय: दोघांपुरती झोपायची जागा, मागं झाकण उघडलं की ओटा. त्याला त्यावर इंजिनही हवंय, दिव्यांसाठी. त्याला मी पीटर सांगितलं. 1500 फेऱ्यांना चार पोलचा अल्टरनेटर (वीज बनवणारं यंत्र) थेट जोडला की बरोबर 50 हर्ट्झ, म्हणजे घरच्यासारखीच वीज मिळते. लिस्टरला पट्टा आणि पुली लागते. अर्थात त्या घरघरीशेजारी झोपणार कोण, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही. कार लहान असेल तर पीटरही विसरा आणि घासलेटवर चालणारं जुनं व्हिलियर्स शोधा. पेट्रोलवर सुरू होतं आणि दोघांत सहज उचललं जातं. घासलेट आता सहज मिळत नाही, पेट्रोलवरच चालवायचं.

सातारच्या कूपरचं आडवं इंजिन कुणी देत असेल तर गोष्ट वेगळी. 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर ते हेच. ते इंजिन मिळालं तर तुलना करत बसू नका. पण पहिलं म्हणून नको; पार्ट घडवून घ्यावे लागतील.

माझं मत: स्वतःची शेड आणि हाताशी दोन माणसं असतील तर लिस्टर टाइप. भाड्याचं घर किंवा प्रदर्शनाला नेआण करायची असेल तर पीटर, आणि बघ्यांची गर्दी कमी असेल हे धरून चाला. कुठलंही घेतलं तरी तासन्‌तास रिकामं पळवू नका, सायलेन्सर काजळीनं भरतो. लिस्टरला कडबाकुट्टी जोडा, पीटरला पंप लावून हौदातलं पाणी हौदातच फिरवा. आणि लिस्टर बॅरलच्या पाण्यावर थंड करणार असाल तर वरच्या पाइपाचं तोंड कायम पाण्याखाली राहू द्या. ते उघडं पडलं की पाणी फिरायचं थांबतं, आणि हे कळतं ते हेडमधून वाफ यायला लागल्यावर.