पेनसिल्व्हेनियात जमीन असेल तर गॅसच्या लीजवर सही करण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीत नोकरी करता करता 2004 साली आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड काउंटीत 62 एकर रान घेतलं. खालच्या खनिजांचे हक्कही खरेदीखतात आमच्या नावावर आले. इथे ते जमिनीपासून वेगळे विकले जातात, म्हणून घेतानाच बघून घ्यावं लागतं.

2006 च्या उन्हाळ्यात लँडमन दारात आला. गॅस कंपनीसाठी जमीनमालकांच्या सह्या गोळा करणारा माणूस. गोड बोलणारा. तिसऱ्या खेपेला तो नोटरीलाच सोबत घेऊन आला. म्हणाला, "आजूबाजूच्या सगळ्यांनी सह्या केल्यात. तुम्ही राहिलात तर कायद्याने सक्तीने सामील करून घेतील, मग बोनसही नाही." सहीबद्दल एकदाच मिळणारा बोनस एकरी 85 डॉलर, पाच वर्षांचं लीज म्हणजे गॅस काढू देण्याचा करार, आणि रॉयल्टी म्हणजे विकलेल्या गॅसमधला वाटा साडेबारा टक्के. बाबांनी सांगलीहून फोनवर सांगितलं होतं, कागद चार दिवस घरात ठेव. मी ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच संध्याकाळी सही केली.

तो धडधडीत खोटं बोलला होता. सक्तीने सामील करून घेण्याचा तिथला कायदा 1961 चा आहे आणि तो ओनोन्डागा नावाच्या खडकाच्या थरापर्यंत खोल जाणाऱ्या विहिरींनाच लागतो. आमच्याकडचा गॅस ज्या खडकात आहे तो मार्सेलस शेल त्या थराच्या वर आहे. शेजारच्या दोघांनी सह्या केलेल्याच नव्हत्या; त्यातल्या एकाला 2008 मध्ये एकरी अडीच हजार डॉलर मिळाले. आणि साडेबारा टक्के ही काही कंपनीची मेहेरबानी नव्हती. 1979 च्या कायद्याने त्याहून कमी रॉयल्टी देताच येत नाही.

बोनस गेला त्याचं दुःख मी गिळलं असतं. रॉयल्टीच्या चेकचं गिळवत नाही.

2010 मध्ये गॅसची विहीर सुरू झाली. 640 एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे एका विहिरीसाठी एकत्र केलेल्या अनेकांच्या जमिनीत, आमचे फक्त 18 एकर घेतले होते. एखाद्या महिन्यात तीन लाख डॉलरचा गॅस विकला गेला, तर आमच्या वाट्याला साधारण 1,055 डॉलर यायला हवेत. हातात आले 585. उरलेले गॅस गोळा करणं, दाब वाढवणं, वाहतूक अशा नावांखाली कापलेले. विचारल्यावर कंपनीने लीजमधले शब्द दाखवले: रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी' असलेल्या किमतीवर. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किल्मर खटल्यात निकाल दिला होता की हे खर्च वजा करून साडेबारा टक्के मोजले तरी चालतं. खर्च कापू नये असं लीजमध्ये स्पष्ट लिहून घेतलं असतं, तर ही कपात टळली असती.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, ही तर ऊसबिलातली तोडणी-वाहतूक झाली." जन्मभर कारखान्याला ऊस घातलेला माणूस, एका वाक्यात समजला. पुढे म्हणाले, कारखान्याच्या काट्याजवळ निदान उभं राहता येतं. तुमचा मीटर कोण बघतो?

दुसरा फास 2011 मध्ये कळला. पाच वर्षं संपली, आता युनिटबाहेरचे 44 एकर मोकळे, असं आम्ही धरून चाललो होतो. लीजमध्ये लिहिलं होतं: पाच वर्षं 'आणि त्यानंतर गॅस निघत राहील तोवर'. 18 एकरांखालून गॅस निघतोय म्हणून 62 च्या 62 एकर अडकले. युनिटबाहेरची जमीन सोडून देणारं 'प्यू क्लॉज' नावाचं कलम असतं. ते मागून घ्या, मुदत संपायची वाट बघू नका.

पिण्याच्या विहिरीचं पाणी ड्रिलिंगच्या आधी स्वतःच्या खर्चाने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शेजारच्या काउंटीतल्या डिमॉकमध्ये 2009 च्या पहिल्याच दिवशी एका घरची पाण्याची विहीर मिथेनमुळे फुटली. आम्ही त्यानंतर तपासलं, तेवढं एक बरं झालं.

गेल्या महिन्यात एका नव्या कंपनीचं पत्र आलंय. खनिजांचे सगळे हक्क कायमचे विकत घेऊ, 15 दिवसांत सही करा. पत्र तेल-गॅसचंच काम करणाऱ्या वकीलबाईंकडे दिलंय. 15 दिवस उलटून गेले, सही केलेली नाही.