जुन्या सागवानाला कोणतं पॉलिश? चपडा, जवस तेल, मेलामाइन की पीयू

कपाटाचे ढिले सांधे आवळून झाले, मोडका पाय बसला, बिजागऱ्या साफ झाल्या, की पॉलिशवाला विचारतो, "वर काय मारायचं?" घाईत बहुतेकांच्या तोंडून "पीयू मारा, टिकतं" असंच निघतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा, प्लास्टिकसारखा पक्का थर. नव्या किचनच्या शटरला हे उत्तर चालतं. साठ-सत्तर वर्षं वापरलेल्या सागवानाला किंवा शिसवीला ते दर वेळी चालत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. किती चमकतं यापेक्षा, पुढच्या वेळी ओरखडा पडल्यावर काय करावं लागेल हे बघून पॉलिश निवडावं. जुनं फर्निचर आणखी दोन पिढ्या वापरायचं असेल तर त्याची दुरुस्ती पुन्हा निघणारच. मग ती तासाभरात आटपेल, की अख्खी वस्तू पुन्हा घासून काढावी लागेल, एवढाच प्रश्न उरतो.

आधी अंगावर काय आहे ते ओळखा

फळीच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये (पॉलिशवाल्याकडच्या अल्कोहोलमध्ये) बुडवून अर्धा मिनिट टेकवून ठेवा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला तांबूस रंग लागला तर ते लाखेचं म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी काहीच हललं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा जुनं तेल-वार्निश. टर्पेंटाइनच्या फडक्याला नुसता तपकिरी मळ आला तर वर मेण बसलेलं आहे.

चपडा निघाला तर एक मोठं काम वाचण्याची शक्यता असते. फिकट, पांढुरका पडलेला चपडा पुष्कळदा मेलेला नसतो, वरच्या थरात ओल अडकलेली असते. मलमलीची पुरचुंडी स्पिरिटने जेमतेम ओलसर करून हलक्या हाताने, न थांबता फिरवली की थर मऊ होऊन परत एकजीव होतो आणि पांढुरकेपणा जातो. हात मध्येच थांबला तर पुरचुंडी चिकटते आणि तिथलं पॉलिश उपटून येतं. एवढ्याने काम भागत असेल तर घासायला घेऊच नका. पॉलिश पेपरने (घासकागदाने) जुन्या लाकडाचा वरचा रंगही जातो, आणि तो रंग तयार व्हायला काही दशकं लागलेली असतात.

वर ऑइलपेंट असेल तर वेगळी काळजी घ्यायला हवी. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. रिमूव्हर लावून पत्रीने खरवडा, नाहीतर पाणी मारत घासा, आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवून रंग काढून देणारेही भेटतात. त्याने सागवान काळं पडतं आणि सांध्यातला जुना सरस सुटतो, म्हणून तो मार्ग नकोच.

चपडा: वेळ खातो, पण माफ करतो

एका आरामखुर्चीला साधारण १०० ग्रॅम चपडा आणि अर्धा लिटर स्पिरिट लागतं. पत्रीसारखा चपडा काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवायचा, अधूनमधून हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी कपड्यातून गाळायचा. लोखंडी डब्यात ठेवला तर द्रावण काळपट होतं. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर ते द्रावण नीट सुकत नाही, बोटाला चिकट लागत राहतं. पत्रीच्या रूपातला चपडासुद्धा फार जुना झाला की स्पिरिटमध्ये पुरता विरघळत नाही, तळाशी फुगून बसतो. असा माल वापरू नका.

लाकूड १२०, १८०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, अशा क्रमाने रेषेच्या दिशेने घासायचं. सागवानाची छिद्रं मोठी असतात, ती भरली नाहीत तर आरशासारखा सपाटपणा येत नाही. आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे चॉक पावडरमध्ये गेरू आणि पिवडी मिसळून, थोड्या चपड्यात कालवून ती लांबी (म्हणजे पुट्टी) रेषेच्या आडवी भरायची. वाळल्यावर ३२० ने पुसून काढायची. त्यानंतर पुरचुंडीने एका दिवसात सात-आठ पातळ हात मारायचे, रात्रभर विश्रांती द्यायची, ४०० ने हलकं घासून पुन्हा हात मारायचे. असे तीन-चार दिवस जातात. पुरचुंडी अडखळायला लागली तर तिच्या तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त तेल पडलं तर ते थराखाली अडकतं आणि काही आठवड्यांनी वर घाम फुटल्यासारखे डाग येतात.

याच्या उणिवा स्पष्ट आहेत. तांबड्या रश्श्याचं गरम पातेलं थेट टेकवलं तर गोल डाग पडणारच, कारण लाख ६५–७० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते. पाण्याचा ग्लास रात्रभर राहिला तर पांढरं वर्तुळ उमटतं. दारू, अत्तर, सॅनिटायझर सांडलं तर पॉलिश विरघळतं. पण हे सगळे डाग त्याच जागी, तेवढ्यापुरते दुरुस्त होतात. नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो, जोड दिसत नाही. मेलामाइन किंवा पीयूला हे जमत नाही.

मेलामाइन आणि पीयू

या दोघांची तुलना दुकानात चमक आणि दर यांवरच होते. लाकडाच्या दृष्टीने फरक वेगळा आहे. मेलामाइन कडक आणि ठिसूळ असतं. जुनं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्या हालचालीत मेलामाइनला सांध्यापाशी बारीक रेषा पडतात, आणि थर जाड दिला तर लवकर पडतात. पीयू त्या मानाने लवचीक, म्हणून पाट, टेबलाचा वरचा भाग, झोपाळ्याची फळी अशा घासल्या जाणाऱ्या जागी पीयू सरस. उष्णता, पाणी, हळद यांना दोन्ही चांगलं तोंड देतात. मेलामाइनला सुकताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आयसोसायनेट असतं. स्प्रे मारताना साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, काडतूसवाला रेस्पिरेटर लागतो. राहत्या घरातल्या बंद खोलीत हे काम करून घेऊ नका.

जुन्या लाकडावर पीयू का फसतं, याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश आधी मुरलेलं असतं, आणि मग पीयू ओला असतानाच माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. दुसरं, खाली साधा चपडा राहिलेला असतो. चपड्यात नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयूची पकड बसत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. दोन्हींवर उपाय एकच: थिनरने दोनदा, दर वेळी नवं फडकं घेऊन पुसायचं आणि मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात मध्ये द्यायचा. असा चपडा विकत मिळाला नाही तर पातळ द्रावण काही दिवस न हलवता ठेवा. मेण गढूळ होऊन तळाशी बसतं, वरचं स्वच्छ द्रावण ओतून घ्या. तिसरं कारण ओल. हार्डनर पाण्याच्या अंशाशी क्रिया करतो, वायू तयार होतो आणि थरात बारीक बुडबुडे अडकतात.

पीयूला खोल ओरखडा गेला तर तेवढीच जागा भरून निघत नाही. नवा थर जुन्यात विरघळत नसल्यामुळे कड दिसते. निदान ती अख्खी फळी घासावी लागते. विनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असलेल्या कपाटाला हे घासणं एकदाच परवडतं, दुसऱ्यांदा खालचा प्लाय दिसायला लागतो.

पाण्यावर आधारित पीयूही मिळतं. वास कमी, पिवळेपणा नाही, पण सागवानाचा उबदार रंग त्याखाली थोडा मेल्यासारखा दिसतो.

जवस तेल आणि मेण

खर्च सगळ्यात कमी आणि करायला सगळ्यात सोपं. उकळलेलं, म्हणजे ड्रायर (लवकर वाळवणारं द्रव्य) घातलेलं जवस तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घ्या, फडक्याने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. हातांमध्ये एक दिवसाचं अंतर ठेवून असे तीन हात. वर एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग टर्पेंटाइनचा लेप. मेण गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवा, गॅस बंद करा आणि मगच टर्पेंटाइन घाला. कच्चं जवस तेल वापरलं तर कित्येक दिवस चिकट राहतं.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. जिथे तेलकाम चालतं तिथे हा नियम मोडायचा नाही.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी तेलाची खरी अडचण म्हणजे बुरशी. गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला, पावसाळ्यात भिंतीला ओल धरणाऱ्या घरात, तेलावर करडी बुरशी चढते. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या कोरड्या हवेत तेच काम चांगलं टिकतं. भिंतीला लागून उभ्या असणाऱ्या कपाटाच्या पाठीला तेल लावू नका, तिथे चपड्याचे दोन पातळ हात द्या.

पुराचं पाणी लागलं असेल तर

कोल्हापुरातल्या सुतारवाडा, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांतल्या घरांना हा प्रश्न टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं.

भिजलेलं सागवान बहुतेकदा वाचतं. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा, खण आणि दारं काढून वेगळी ठेवा, वस्तू विटांवर उचलून सावलीत, वारा खेळेल अशी ठेवा. उन्हात ठेवलं की बाहेरचा भाग आधी आकसतो आणि फळी उभी तडकते. मागचे प्लाय सुटले असतील तर त्यांच्यावर कष्ट घेऊ नका, नवे बसवा. वाळायला किमान दीड-दोन महिने धरा. ओलावा मोजायचं पिनवालं मीटर १२–१४ टक्के दाखवेपर्यंत वर काहीही मारू नका. घाईने पीयू मारलं तर आतली ओल बाहेर यायला वाट शोधते आणि थर फोडासारखा सुटतो.

पूररेषेतल्या घराला आम्ही चपडाच सुचवतो. पीयूने लाकूड पुरापासून वाचत नाही. दोन-तीन दिवस उभं राहिलेलं पाणी सांध्यातून आणि पायाच्या तळातून आत शिरतंच, आणि मग पीयू त्याला बाहेर यायला अडवतं. चपडा पांढरा पडेल, पण वाळल्यावर स्पिरिटने परत जागेवर येईल.

कोणत्या वस्तूला काय

जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग पीयू, पाय आणि चौकट चपडा. दोन्हींच्या खाली मेण काढलेल्या चपड्याचा एकच हात दिला तर रंगात फरक दिसत नाही. झोपाळ्याच्या फळीला मॅट पीयू द्या, घामाने आणि केसांच्या तेलाने चपडा तिथे चिकट होतो. पितळी कड्या काम सुरू होण्याआधी काढून ठेवा. देव्हाऱ्यात समईची धग आणि तेल असतं, म्हणून खालच्या फळीला पीयू, वरच्या कोरीव कामाला चपडा. नक्षीच्या खाचांत पीयूचा थर साचतो आणि कोरीव काम बोथट दिसतं. पुस्तकांचं कपाट, पेटी, शिसवीचं लिहिण्याचं टेबल यांना चपडा, दुसरा विचारच नको. वेताच्या आरामखुर्चीचं लाकूड विणकामाआधी पूर्ण करून घ्या, आणि वेतावर पीयू मारू नका. वेत कडक होऊन तुटतो, आणि सैल झाल्यावर खालून ओलं फडकं लावून ताणून घेण्याची सोयही जाते.

मेलामाइन या यादीत कुठेच आलं नाही, हे जाणूनबुजून. ते स्वस्तात भरपूर चमक देतं, पण जुन्या, हलत्या लाकडावर त्याची जागा पीयू तरी घेतं किंवा चपडा तरी.

कधी आणि कसं करून घ्यायचं

गणपतीला किंवा नवरात्राला घर सजवायचं म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पॉलिशची कामं निघतात. हवेत ओल असताना स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव बसतं आणि चपडा सुकता सुकताच पांढरा पडतो. मेलामाइनचंही तसंच होतं. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. नवरात्राआधी करायचंच असेल तर सांधेदुरुस्ती आणि सफाई तेवढी करून घ्या, वरचे हात डिसेंबरसाठी ठेवा.

दर विचारताना चौरस फुटाचा आकडा एकटा घेऊ नका. जुना थर काढणं, लांबी, सीलरचे (खालच्या थराचे) हात आणि वरचे हात, हे प्रत्येक वेगळं लिहून घ्या. चपड्यात पैसा मजुरीत जातो, पीयूत मालात. म्हणून चपड्याचा दर फारच कमी सांगितला तर तीन-चार दिवसांऐवजी ब्रशने दोन जाड हात मारून काम उरकलं जाण्याची शक्यता जास्त. नमुना वेगळ्या प्लायच्या तुकड्यावर नको, त्याच वस्तूच्या खालच्या बाजूला वीतभर जागेवर मागा, दोन दिवस सुकू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघूनच होकार द्या.