फिरकीसमोर स्वीप की पुढे सरसावणं?

टी-ट्वेंटीत सातव्या ओव्हरपासून बाहेर पाच फिल्डर जातात, बॉल जुना होतो आणि फिरकीवाले मजेत येतात. पुण्यातल्या क्लब क्रिकेटमध्ये बहुतेक डाव इथेच अडकतात. नेटमध्ये वेळ मोजकाच मिळतो, तेव्हा आधी स्वीप (गुडघा वाकवून, आडव्या बॅटने लेगकडे मारणं) घोटवायचा की पुढे येऊन मारणं?

माझं मत खेळपट्टी बघून ठरतं. मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या खेळपट्टीवर, खेळत असाल तर आधी पाय हलवायला शिका. मॅटवर बॉल उसळतो. स्वीपला बॅट आडवी, त्यामुळे वरची कड लागून शॉर्ट फाइन लेगला सोपा झेल जातो. पुढे सरसावलात की टप्प्याजवळच बॉल गाठता येतो, उसळीला वावच राहत नाही. फक्त बॉल हातातून सुटायच्या आत निघू नका, बोलर बघतो आणि आखूड टाकतो. आणि निघालात म्हणजे मारलंच पाहिजे असं नाही. टप्पा सापडला नाही तर लाँग ऑनकडे ढकलून एक धाव घ्या. यष्टिचीत होणारे बहुतेक जण इथेच हट्टाला पेटतात.

टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, बॉल खाली राहत असेल आणि हातभर वळत असेल, तर स्वीप. पुढचा पाय टप्प्याच्या रेषेत, डोकं त्याच्यावर, मनगटं वरून खाली. बोलरची लेंग्थ मोडायला याच्याइतका चांगला उपाय नाही. बॉल पायाला ऑफ स्टंपच्या बाहेर लागला असेल आणि तुम्ही फटका खेळत असाल तर पायचीत देता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. क्लबात डीआरएस (निर्णय तपासून घ्यायची सोय) नाही, तेव्हा स्टंपांसमोर पाय आणून स्वीप मारायचा तर अंपायरच्या बोटाची तयारी ठेवा. (अंपायर आपल्याच टीमचा असेल तर प्रश्न वेगळा.)

आडव्या बॅटचा धोका पुण्याजवळच्या गहुंजे मैदानाने 2024 मध्ये दाखवला आहे. न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत सँटनरचा साधा फुलटॉस आडवा मारायला जाऊन विराट कोहली 1 धावेवर बोल्ड झाला. उलट आपल्या ऋतुराज गायकवाडने 2022 च्या विजय हजारे करंडकात डावखुऱ्या फिरकीपटूच्या एका ओव्हरमध्ये 7 षटकार मारले, एक नो-बॉल धरून. त्यातले बरेचसे समोरच्या पट्ट्यात.

तिसरा मार्ग क्रीजमध्ये मागे उभं राहून मारायचा. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषक फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्लासेनने अक्षर पटेलची अशीच धुलाई केली, ओव्हरमध्ये 24. पण त्याला क्लासेनची ताकद लागते. हौशी मंडळींनी नादी लागू नये.

उजव्या हाताने खेळत असाल तर ऑफस्पिनरला स्वीप वळणाच्या दिशेनेच जातो, तिथून सुरुवात करा. लेगस्पिनरची गुगली (उलट बाजूला वळणारा बॉल) हातातून ओळखता येत नसेल, तर मात्र पुढे जाण्याआधी दोन बॉल नुसते बघा.