दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की सरळ गॅरेज?

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कोल्हापूरचं उद्यमनगर, अशा कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याही शॉपवाल्याला (वर्कशॉपच्या मालकाला) विचारा, रडगाणं एकच, पोरं येतात पण कारागीर मिळत नाही. आणि पोरं म्हणतात काम नाही. दोन्ही खरंय. सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा, एवढं ऑपरेटरचं काम थोड्या दिवसांत जमतं, त्याला माणसं भरपूर. पण ड्रॉइंग हातात आल्यावर जॉब कुठून धरायचा, टूल कुठलं, ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) किती, साइज का हलतेय हे ज्याला कळतं तो सेटर, तो मिळत नाही. टूलरूममधला (साचे म्हणजे डाय बनवतात तिथला) डाय फिटर किंवा जुन्या लेथच्या (जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनच्या) बेडला निळा रंग लावून उंचवटे शोधून ते हाताने खरवडणारा, म्हणजे स्क्रेपिंग करणारा, माणूस तर विचारूच नका, ही मंडळी अठ्ठावन्न-साठीला आलीत, रिटायर होतायत आणि हाताखाली कुणी तयार नाही, कारण पोरगं कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचं आणि वर्ष व्हायच्या आत बदलायचं ही पद्धत, मग शिकवणार कुणाला?

तर दहावी झालेल्या पोराने हे डोक्यात ठेवून ठरवावं.

आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. सरकारी आयटीआयची फी खाजगी कॉलेजपुढे काहीच नाही. मुख्य म्हणजे पहिल्या वर्षापासून हातात फाइल आणि हॅक्सॉ, फिटरची पोरं महिनोन्महिने लोखंड घासत बसतात, कंटाळतात, पण हात तिथंच बसतो. वाईट बाजू म्हणजे सगळे आयटीआय सारखे नाहीत, कुठं मशीन बंद, कुठं शिकवायला निदेशकच नाही, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी वर्कशॉप स्वतः जाऊन बघा, मशीनवर चिप्स (धातूचा कीस) पडलेल्या दिसतात का धूळ.

डिप्लोमा तीन वर्षांचा, आपल्याकडे एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा). गणित, ड्रॉइंग, मटेरियलची ताकद, थिअरी पक्की होते आणि पुढे क्वालिटी, डिझाइन, सुपरवायझर असे दरवाजे उघडतात, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. पण मशीनवर हात कमी पडतो, आणि पास झालेली कितीतरी पोरं ट्रेनी म्हणून त्याच लाइनवर उभी असतात जिथं आयटीआयवाला उभा असतो. अप्रेंटिसशिपच्या (कंपनीत काम करत शिकण्याच्या) २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड महिन्याला आयटीआयवाल्याला ७,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० धरला होता, म्हणजे हजाराचा फरक. (लग्नाच्या बाजारात फरक जास्त पडतो, मुलीकडचे 'डिप्लोमा इंजिनिअर' ऐकून बसतात आणि 'टर्नर' ऐकून चहा संपवतात, आणि माझ्या मते अर्धी पोरं याच भीतीने डिप्लोमाला जातात.)

माझं मत विचाराल तर आधी आयटीआय आणि मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एक वर्ष जास्त जातं पण हात आणि कागद दोन्ही मिळतात. फक्त तिथलं गणित आयटीआयच्या पोरांना जड जातं, त्याची तयारी आधीच करा. ज्याचं गणित मुळात चांगलं आहे त्याने छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा चार वर्षांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा नक्की बघावा, एंट्रन्स असते.

गॅरेजचं वेगळं आहे. उस्तादाच्या हाताखाली राहून नुसत्या आवाजावरून बिघाड टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा भाग) की चेनचा हे ओळखणारे मेकॅनिक अजून आहेत आणि ते शिकण्यासारखंच आहे, पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं, बाइकलासुद्धा फ्युएल इंजेक्शन आलं, आता सेन्सर गेला तर कान काय करणार, स्कॅनर लावून वायरिंग डायग्राम वाचावाच लागतो आणि ते बऱ्याच उस्तादांनाच येत नाही. शिवाय नुसतं गॅरेज केलं तर सर्टिफिकेट नाही, म्हणजे कंपनी किंवा एसटीची भरती, सगळं बंद. म्हणून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करायचा आणि संध्याकाळी गॅरेजला जायचं, दमछाक होते पण स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर याच्याइतका चांगला रस्ता मला दिसत नाही.

राहिली अप्रेंटिसशिप. मोठ्या कंपनीत बस, कँटीन, नाव, पण वर्षभर एकाच स्टेशनवर तेच बोल्ट आवळायला लावतील ही शक्यता जास्त. वीस माणसांच्या टूलरूममध्ये पगार वेळेवर होईल न होईल, पण लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग सगळीकडे फिरवतील, आणि एखादा रिटायरमेंटला आलेला काका असेल तर त्याच्या शेजारचा बेंच मागून घ्या. मी लहान शॉप निवडेन. फक्त जॉइन होताना अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर तुमचं कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर करतायत का हे स्पष्ट विचारा, नाहीतर वर्षभर राबून शेवटच्या परीक्षेलाच बसता येत नाही.