वर्ल्ड क्लॉक अ‍ॅप, नऊ महिन्यांनंतर: वेळ बरोबर, गाव चूक

मार्चमध्ये (२०२५) या अ‍ॅपला एक तारा दिला होता, आता तीन करतोय. चौथा का अडलाय, ते वाचाल तर कळेल.

मी बडोद्याला दांडिया बाजारात तबला शिकवतो. घरी येणारी मुलं आहेतच, शिवाय ऑनलाइन चौघं: न्यू जर्सी, फिनिक्स, लंडन आणि मेलबर्न. जाहिरातींना कंटाळून गेल्या डिसेंबरात वर्षाचे २४९ रुपये भरले. अ‍ॅप जगातल्या निवडलेल्या शहरांच्या वेळा एकत्र दाखवतं, बाकी काय काय आहे त्यात वेळ घालवत नाही. अ‍ॅपचं नावही लिहीत नाही, उगाच वाद नको.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. ‘तुमचं शहर’मध्ये बडोदा टाकलं, नाही. वडोदरा, नाही. बरोडा, तेही नाही. मुंबईसुद्धा नाही! भारत म्हटलं की एकच नाव, कोलकाता. नाईलाजाने तेच घेतलं. आमचे नाना (वय ८१) खांद्यावरून डोकावून म्हणाले, “काय रे, आपण कलकत्त्याला कधी राहायला गेलो?”

नंतर कारण कळलं. जगभरातल्या वेळांचे नियम एका सामायिक यादीत ठेवलेले असतात. त्यात एका वेळेच्या पट्ट्याला एका शहराचं नाव असतं आणि अख्ख्या भारताची वेळ एकच, म्हणून ‘एशिया/कोलकाता’. ठीक आहे. पण बाकीची अ‍ॅपं त्यावर गावांची आपली यादी चढवतात, यांनी कंटाळा केला. कोलकात्यात सूर्य आमच्यापेक्षा तासभर आधी डोक्यावर येतो. आपली प्रमाणवेळही कोलकात्याची नाही, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे. कमाटीबागेत अख्खं फुलांचं घड्याळ लावून बसलेलं आमचं गाव, आणि यांच्या यादीत त्याला जागा नाही. तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर: “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.”

आता मुख्य भानगड. न्यू जर्सीच्या मुलीचा क्लास त्यांच्या शुक्रवारी रात्री साडेआठला, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी सात. १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, अंग आंबलेलं, नखांतला रंग गेलेला नाही, तरी पावणेसातला बसून डग्ग्याला शाई नीट आहे ना बघितलं, तबला सुरात लावला. अ‍ॅपमध्ये तिथले साडेआठ वाजले, मी कॅमेरा चालू केला. कोणी नाही. फोन बघतो तर तिच्या आईचे सहा वाजताचे तीन मिस्ड कॉल. नंतर मेसेज: “सर, आम्ही बराच वेळ थांबलो. आता साडेनऊ झालेत, ती झोपली.” तालाच्या माणसाची सम चुकावी आणि तीही तासाने! त्याच तिरीमिरीत एक तारा दिला आणि सपोर्टला चांगलं झापलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि या वेळी ते माणसाने लिहिलेलं होतं. न्यू जर्सीची वेळ न्यूयॉर्कचीच, पण मी यादीत न्यूयॉर्क घेतलंच नव्हतं. मुलीच्या आईने सुरुवातीला “आम्ही ईएसटी” म्हटलं होतं, म्हणून मी तीन अक्षरं तशीच टाकली आणि जे वर आलं ते निवडलं. ईएसटी ही त्यांची हिवाळी वेळ. ती निवडली की अ‍ॅप वर्षभर ग्रिनिचच्या पाच तास मागेच धरून बसतं. अमेरिकेत ९ मार्चला उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे गेली, पण माझ्या फोनमधली ईएसटी जागची हलली नाही. थोडक्यात, चूक माझी. पण निवडताना एक ओळ दाखवायला काय जात होतं? अर्धा दोष त्यांच्याकडे ठेवतोच.

शहराचं नाव टाकल्यापासून मात्र एकदाही फसलो नाही. खालची पट्टी बोटाने सरकवली की चारही गावांच्या वेळा एकदम सरकतात आणि पुढची तारीखही टाकता येते. याचं मोल तुम्हाला तोवर कळणार नाही, जोवर तुमचे विद्यार्थी तीन खंडांत नाहीत. अमेरिका ९ मार्चला बदलली, लंडन ३० मार्चला, आणि मेलबर्न ६ एप्रिलला उलट्या दिशेने (तिकडे ऋतू उलटे). न्यू जर्सीचा क्लास सातावरून सहावर आला, मेलबर्नचा दुपारी दोनवरून तीनवर गेला. फिनिक्सचा पोरगा तेवढा गुणी. तिथे घड्याळ हलवतच नाहीत, त्याचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे सात, बारा महिने.

नानांना हे सगळं पैशाची नासाडी वाटतं. त्यांनी मनगटावरचं एचएमटी काढलं, उलटं धरलं आणि म्हणाले, “घे तुझं लंडन, फुकट.” खरंच निघतं! साडेतीन वाजलेले घड्याळ सहाचा आकडा वर करून धरा, मिनिटकाटा बारावर येतो, तासकाटा अर्धं घर मागे दिसतो, पण दहा वाजलेत हे कळतं. लंडनचे तेव्हा दहाच वाजलेले असतात, कारण फरक साडेपाच तासांचा. फक्त उन्हाळ्यात तो साडेचार होतो आणि एचएमटी हरतं. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग उन्हाळ्यात फोन करू नकोस.”

जुलैत कळलं की शहराच्या नावावर बोट दाबून धरलं की नाव बदलता येतं. हे मला सहा महिने कोणी सांगितलं नाही, तीन मेलांतही नाही. ‘बडोदा’ लिहिलं, नानांना दाखवलं, आनंदीआनंद. ऑगस्टमधल्या अपडेटनंतर पुन्हा कोलकाता. पुन्हा लिहिलं. परवा परत कोलकाता. चौथा तारा इथे अडलाय.

सध्या कालनिर्णयवर लाल पेनने घड्याळं पुन्हा कधी हलणार ते, ५ ऑक्टोबर मेलबर्न, २६ ऑक्टोबर लंडन, २ नोव्हेंबर न्यू जर्सी असं लिहून ठेवलंय, अ‍ॅपच्याच पट्टीवर बघून. डिसेंबरात २४९ पुन्हा कापले जाणार होते, ते ऑटो-पे मी काल बंद केलं. तोवर यादीत बडोदा आलं तर स्वतः हाताने भरीन.